शिक्र्याची जोडी बागेत कशी ओळखायची

जळगाव, धुळे, नंदुरबार. कडुनिंब-चिंचेची जुनी झाडं असलेल्या बागेत शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी सापडतो. जोडी जमते उन्हाळ्यात, साधारण मार्च ते जून. खान्देशचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा सकाळी 6:30 ते 9 एवढाच वेळ धरा.

आधी कान लावा. ‘टि-टू, टि-टू’ अशी दोन सुरांची चिरकी हाक आली की थांबा. मात्र कोतवाल पक्षी या हाकेची नक्कल बेमालूम करतो, म्हणून पक्षी दिसेपर्यंत वहीत नोंद नको. दुसरी फसगत पावशा पक्ष्याची. रंग आणि उडण्याची ढब थेट शिक्र्याची! चोच बघा: शिक्र्याची आकडीसारखी, पावशाची जवळपास सरळ.

नर लहान, पाठ निळसर राखाडी, डोळे लाल. मादी मोठी, पाठीवर तपकिरी झाक, डोळे पिवळसर-नारिंगी. एकटाच पक्षी पाहून आकार ठरवू नका, हमखास चुकतो. दोघं एका फांदीवर आले की फरक लगेच कळतो. नराने सरडा आणून मादीला दिला, शिवाय काड्या घेऊन दोघांच्या एकाच झाडाकडे फेऱ्या सुरू झाल्या, की जोडी पक्की. घरटं कावळ्यासारखं, काड्यांचं, उंच बेचक्यात.

8×42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. 30 मीटर तरी लांब बसा. शिक्र्याने ओरडत डोक्यावरून झेप घेतली, तर तुम्ही फार जवळ आहात; मुकाट्याने मागे सरका. मोबाइलवर हाक वाजवू नका: पक्षी घरटं सोडून भांडायला येतो.