‘मेंदूत कारण सापडलं’ अशी बातमी आली की घरच्यांनी ती कशी वाचायची

ज्यांच्या घरी स्किझोफ्रेनिया (नसलेले आवाज ऐकू येणं, भ्रम होणं) नाहीतर बायपोलरचं (मन कधी खूप चढणं, कधी खूप खचणं) माणूस आहे त्यांच्या फोनवर मुंबईहून कुणी ना कुणी फॉरवर्ड टाकतंच, की शास्त्रज्ञांना मेंदूतलं कारण सापडलं, नवीन गोळी आली, आता हा आजार कायमचा जाणार. आमच्याकडे दादाला स्किझोफ्रेनिया आहे, त्यामुळे असं काही आलं की आई लगेच विचारते, ‘ह्यां खरां काय गो?’ म्हणून हे लिहितेय. आपल्याकडे देवगड-मालवणकडच्या माणसाला डॉक्टर गाठायचा म्हणजे अख्खा दिवस जातो आणि आत गेल्यावर बोलायला थोडीच मिनिटं मिळतात, ती वाया जाऊ नयेत.

बातमी उघडली की आधी एकच शोधा, हे कोणावर केलंय. उंदरावर, डिशमधल्या पेशींवर की माणसांवर? उंदरांवरचं काम फालतू नसतं, पण उंदराला कानात आवाज येतात का हे कोण विचारणार, त्यामुळे तिथून आपल्या माणसाच्या गोळीपर्यंतचा रस्ता फार लांबचा असतो आणि बरेचदा मध्येच संपतो. माणसांवर असेल तर किती जणांवर आणि किती दिवस, हे बघा. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये स्किझोफ्रेनियासाठी झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम नावाच्या औषधाला मंजुरी मिळाली. आधीची औषधं मुख्यतः डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्या रिसेप्टरवर (पेशीवरच्या रसायन पकडणाऱ्या जागेवर) काम करतात आणि हे वेगळ्या, मस्कारिनिक रिसेप्टरवर काम करतं, म्हणून बातमी खरंच मोठी होती. पण ज्या मुख्य ट्रायलवर मंजुरी मिळाली ते ५ आठवड्यांचे होते, आणि आपल्या माणसाला औषध वर्षानुवर्षं घ्यायचं असतं.

आता स्कॅनचं. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण सगळ्यात जास्त पैसा इथंच जातो आणि जीवही इथंच टांगणीला लागतो. १९७६ साली लंडनच्या नॉर्थविक पार्कमध्ये ईव्ह जॉनस्टन आणि त्यांच्या टीमने सीटी स्कॅन करून दाखवलं की जुना स्किझोफ्रेनिया असलेल्या लोकांच्या मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या इतरांपेक्षा सरासरीने मोठ्या असतात. तेव्हा हा फार महत्त्वाचा शोध होता, कारण दोष आईच्या वागण्यावर टाकणारे डॉक्टर त्या काळात होते. पण यातला ‘सरासरीने’ हा शब्द सोडू नका. दोन बागांतल्या आंब्यांचं सरासरी वजन वेगळं असलं तरी हातात आलेला एकच आंबा बघून तो कुठल्या बागेतला हे सांगता येत नाही, तसंच आहे हे. म्हणून आजही एमआरआय काढून स्किझोफ्रेनिया आहे की नाही हे सांगता येत नाही. डॉक्टर एमआरआय सांगतात ते गाठ, इन्फेक्शन, फिटच्या झटक्याचं कारण असं दुसरं काही नाही ना हे बघायला. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे ‘ढोंग करतोय’ असं नाही, हे घरातल्या काका-मामांना तुम्हालाच सांगावं लागणार आहे, ठासून सांगा. आणि ‘मेंदू स्कॅन करून मानसिक आजार ओळखतो’ असं कुणी पैसे मागून सांगत असेल तर नको म्हणा.

अजून एक, काही औषधांमुळेही मेंदूच्या भागांचं आकारमान थोडं बदलतं असं दिसलंय. म्हणजे बातमीत ‘रुग्णांचा मेंदू आकसलेला दिसला’ असेल तर ती माणसं किती वर्षं औषधावर होती ते बघायचं. पण हे वाचून गोळ्या बंद करायच्या नाहीत, एकदम बंद केल्या की आजार उलटण्याची भीती फार मोठी असते. शंका असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरना सरळ विचारा, की डोस कमी होईल का.

जीनच्या बातम्या आल्या की लग्नाचा विषय निघतोच. २०२२ मध्ये नेचर या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ७६,७५५ रुग्ण घेतले होते आणि जीनोममधल्या (माणसाच्या सगळ्या जीनच्या संचातल्या) २८७ जागा स्किझोफ्रेनियाशी जोडलेल्या सापडल्या. एवढ्या जागा म्हणजे एक ‘वेडाचा जीन’ असं काही नाही, प्रत्येक जागा धोका इवलासा वाढवते. त्याआधी २०१६ मध्ये सी४ नावाच्या जीनवरचं काम आलं होतं, ते मला फार पटतं. वयात येताना मेंदू पेशींमधले नको ते जोड छाटतो, आणि सी४ जास्त असेल तर ही छाटणी जास्त होत असावी असा त्याचा रोख आहे, म्हणजे आजार विशीच्या आसपास का उगवतो याचा थोडा धागा मिळतो. पण त्यानेही धोका थोडाच वाढतो. आणि अगदी सारखे जीन असलेल्या जुळ्यांतही एकाला असला तर दुसऱ्याला निम्म्या वेळा किंवा त्याहूनही कमी वेळा होतो. जुन्या कौटुंबिक अभ्यासांत सख्ख्या भावंडाला शंभरात नऊ-दहाच्या आसपास धोका दिसलाय, म्हणजे नव्वद जणांना होत नाही. धाकट्या बहिणीचं स्थळ मोडायला हे कारण पुरत नाही.

‘औषध कसं काम करतं तेच माहीत नाही, मग कशाला द्यायचं’ असंही कुणीतरी म्हणतंच. जॉन केड या डॉक्टरांनी ऑस्ट्रेलियात १९४९ मध्ये लिथियम या औषधाचा उपयोग दाखवला, आणि ते मेंदूत नेमकं काय करतं यावर अजून अभ्यास चालू आहे, पण बायपोलरमध्ये ते काम करतं हे तेव्हापासून पुन्हा पुन्हा दिसलंय. काम करतं का आणि कसं करतं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, बातमी कुठल्या प्रश्नाची आहे ते आधी ठरवा.

एक गोष्ट मात्र वाचून सोडायची नाही. २००७ मध्ये जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी शरीराच्याच अँटीबॉडी (रोगाशी लढणारी प्रथिनं) मेंदूतल्या एनएमडीए नावाच्या रिसेप्टरवर उलटल्यामुळे होणारा मेंदूचा आजार दाखवला, त्यात माणूस अगदी मनोरुग्णासारखा बोलतो-वागतो पण त्यावर वेगळे उपचार असतात आणि लवकर दिले तर बरेच जण सुधारतात. चांगलं असलेलं माणूस थोड्या दिवसांतच भ्रमिष्ट झालं आणि सोबत ताप, झटके, तोंडाच्या विचित्र हालचाली, अंग ताठणं किंवा शुद्ध हरपणं असं काही असेल तर भगताकडे किंवा कौल लावायला नंतर जा, आधी मोठ्या हॉस्पिटलात जा आणि हे सगळं तारखेनिशी सांगा. घरच्यांची श्रद्धा असते, गाऱ्हाणं घालू नका असं मी कुणाला म्हणत नाही, फक्त त्यापायी गोळी आणि अपॉइंटमेंट चुकवू नका. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, लावा.

शेवटी, कुणी संशोधनात भाग घ्या म्हटलं तर. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत एकाच घरात अनेकांना गंभीर मानसिक आजार असलेल्या कुटुंबांवर काम चालतं, रक्ताच्या पेशींपासून स्टेम सेल (ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी बनवता येतात अशा पेशी) बनवून त्यावर अभ्यास करतात. आपल्या लोकांचं रक्त अशा अभ्यासात असावं असं मला मनापासून वाटतं, कारण जीनचा बराचसा अभ्यास युरोपातल्या वंशाच्या लोकांवर झालाय. पण संमती आजारी माणसाची हवी, तुमची सही त्याच्याऐवजी चालते असं गृहीत धरू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात हे लिहिलंय. औषधाचं ट्रायल असेल तर सीटीआरआयचा (भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा आणि इंटरनेटवर तपासा. फॉर्म मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, मध्येच बाहेर पडलं तर चालू उपचार बंद होणार नाहीत हे त्यात लिहिलंय का बघा, आणि इथिक्स कमिटीचा (भाग घेणाऱ्यांची सुरक्षा बघणारी समिती) फोन नंबर नसेल तर सही करू नका.