टाचदुखी घेऊन प्रवासाला निघताय? या चुका टाळा

माझं घर बेळगावात, नोकरी निपाणीत. येऊन-जाऊन रोजचे तीनेक तास बसमध्ये जातात. उजवी टाच पहिल्यांदा दुखली तीही बसमधून उतरतानाच. मध्यवर्ती बसस्थानकात गाडी लागली, शेवटच्या पायरीवरून पाय खाली टेकवला आणि टाचेच्या आतल्या बाजूला कुणीतरी दाभण खुपसल्यासारखं झालं. दांडा धरून तशीच उभी राहिले. मागून एक आजी म्हणाल्या, "उतर की गं बाई, वाटेत काय उभारलीस!" दहा-पंधरा पावलं लंगडत टाकली आणि कळ ओसरली. मुंग्या आल्या असतील म्हणून मी विषय सोडून दिला आणि पुढचे चार महिने तसेच काढले.

तळपायात टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत एक जाड, चिवट पट्टा असतो. पायाची कमान तो ताणून धरतो. डॉक्टर त्याला प्लांटार फॅशिया म्हणतात. टाचेच्या हाडाला तो जिथं चिकटतो तिथं पुन्हा पुन्हा ताण पडून झीज झाली की दुखणं सुरू होतं. झोपेत किंवा दोन तास सीटवर बसल्यावर पट्टा आखडतो आणि उठल्यावर पहिल्याच पावलाला सगळं वजन त्याच्यावर येतं. म्हणून सकाळी पलंगावरून उतरताना आणि बसमधून उतरताना कळ अगदी सारखी येते. चार पावलांनी पट्टा सैलावतो, बरं वाटतं, आणि दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी पुन्हा ठणका. वजन वाढलेलं, पोटऱ्या आखडलेल्या, तळवा सपाट किंवा कमान फार उंच, कामच उभ्याचं, अशांना हे जास्त होतं. चाळिशी ते साठीच्या दरम्यान विशेष.

गाडी थांबली की तडक उठणं

कोल्हापूरहून बेळगावला येताना वंटमुरीचा घाट संपून काकती दिसायला लागली की लोक बॅगा काढायला उठतात. आपण तेव्हा बसूनच राहायचं आणि पाय जागा करायचा. चप्पल काढून दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या आणि हातानं पाचही बोटं नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावरून फिरवला तर ताठ झालेली दोरी हाताला लागते. ती लागली म्हणजे ताण बरोबर जागी पडतोय. दहा अंक मोजून सोडा, पुन्हा ओढा, असं दहा वेळा. शेजारचा बघत राहतो, बघू दे. सीट अगदीच अडचणीची असेल तर पुढच्या सीटखालच्या नळीवर बोटं टेकवा आणि टाच खाली दाबा. हाच व्यायाम सकाळी पलंगावरून पाय खाली सोडण्याआधी, आणि दिवसातून एकूण तीनदा.

बसायला जागा मिळाली तर, हे आलंच. कर्नाटक सरकारच्या मोफत बसप्रवासाच्या शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून आम्हा बायकांना राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट नाही, आणि पुष्कळदा जागाही नाही. संकेश्वरपर्यंत उभं राहायची वेळ आली तर खांद्यावरची जड पिशवी खाली ठेवा, वरचा दांडा धरायला टाचा उचलून ताटकळू नका, सीटची पाठ धरा आणि वजन या पायावरून त्या पायावर हलवत राहा.

मऊ म्हणजे चांगली

माझी सर्वात महागात पडलेली चूक ही. टाच दुखते म्हटल्यावर दुकानदारानं एक जाडजूड, गुबगुबीत चप्पल काढून दिली. "ताई, कापसावर चालल्यासारखं वाटेल." वाटलंही. दुकानात चार पावलं चालताना तर फारच. तीच घालून खानापूरला लग्नाला गेले आणि अक्षता पडेपर्यंत तळवा असा भरून आला की पंगतीत बसले ती उठवेना.

दोन दिवसांनी तिचा अंगठा उसवला म्हणून कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्या मामांकडे नेली. त्यांनी ती दोन्ही हातांत धरून ओलं फडकं पिळावं तशी पिळली. पूर्ण पीळ पडला. मग दुमडली, तर बरोबर मधोमध घडी. "हे बघा ताई, मधनंच मोडतंय. पायाला आधार कुठनं मिळायचा? शिवून देतो, पण घालू नका म्हणतो मी." शिवायचे वीस रुपये घेतले आणि मला जे दुकानात कळायला हवं होतं ते शिकवलं.

तेव्हापासून कुठलंही पादत्राण मी अशीच पारखते. आधी पिळते. सोलला पीळ पडता कामा नये. मग दुमडते. सोल बोटांच्या मुळाशी वाकावा, कारण पाऊल तिथंच वाकतं, मधे मोडणारा नको. बूट असेल तर टाचेमागची भिंत अंगठ्यानं दाबून पाहते. ती आत गेली तर बूट परत. सँडलला मागं पट्टा हवाच. पट्टा नसला की चप्पल निसटू नये म्हणून बोटं नकळत आवळली जातात आणि तळव्याला दिवसभर सुट्टी मिळत नाही. टाच पुढच्या भागापेक्षा थोडी उंच असली तर पट्ट्यावरचा ताण हलका होतो. एकदम सपाट नको आणि लग्नातली उंच टाचही नको. टाचेखाली गादी हवीच, पण ती टणक सोलच्या वर.

खरेदी संध्याकाळी करा, पाय तेव्हा फुगलेले असतात. उभं राहून पाहिल्यावर सर्वात लांब बोटाच्या पुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरावी. आणि नवी जोडी प्रवासाच्या आदल्या दिवशी घेऊ नका. आधी पंधरा दिवस मंडईत, गल्लीत थोडी थोडी वापरून पाहा.

इन्सोलबद्दल थोडं. सुरुवातीलाच पायाचा साचा घेऊन महागडे करून घ्यायची गरज बहुतेकांना नसते. कमानीला टणक आधार देणाऱ्या तयार इन्सोलनी साधारण तेवढाच फरक पडतो. घालताना बुटातली मूळ गादी काढून मग घाला, नाहीतर टाच वर येऊन बुटातून निसटते. जत्रेत चुंबकाचे इन्सोल विकायला येतात. चुंबक काढून घेतलेल्या इन्सोलनीही तेवढाच आराम पडतो हे चाचण्यांत दिसलेलं आहे. काट्यांच्या अॅक्युप्रेशर चपला दुखऱ्या टाचेखाली मी तरी घालणार नाही.

बूट चांगला, पण तो पायात किती वेळ?

याकडे कुणाचं लक्षच जात नाही. माझंही गेलं नव्हतं. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गेलो होतो तेव्हा चांगले पारखलेले बूट घेऊनही रात्री टाच ठणकत होती. परतीच्या वाटेवर हिशोब मांडला. पहाटे पाचला निघून रात्री नऊला घरी. गाडीत बूट पायात होते, पण तेव्हा मी बसलेली. रांगेत, देवळात आणि आवारात मिळून तीन तास अनवाणी, तेही दगडावर. परतताना आत्याच्या घरी जेवण, दोन तास शहाबादी फरशीवर, त्यात अर्धा वेळ स्वयंपाकघरात उभी. बुटानं आधार दिला असे चालण्याचे तास मोजले तर एकसुद्धा पुरा भरला नाही!

म्हणजे आपल्याकडच्या प्रवासात बुटाइतकाच विचार बूट नसतानाच्या वेळेचा करायला हवा. देवळाला जाताना लेसचे बूट नकोत. काढा-घालायला कंटाळा येतो आणि माणूस गाडीतच ठेवून अनवाणी निघतो. वेल्क्रोच्या पट्ट्यांची सँडल घाला आणि ती गाडीत न सोडता देवळाच्या सर्वात जवळच्या चप्पल स्टँडपर्यंत पायात ठेवा. तेवढ्यानं पुष्कळ अंतर वाचतं. पहाटे किंवा उन्हं कलल्यावर गेलात तर दगड तापलेला नसतो आणि घाईनं टाचा आपटत पळावं लागत नाही. मोजे चालतात का ते आधी विचारा. चालत असतील तर टाचेला जाड विणीचे घाला. रांगेत ठोकळ्यासारखं उभं राहू नका, बोटं वर-खाली करत राहा. लांबच्या यात्रेआधी फिजिओथेरपिस्टकडून तळव्याला टेप लावायला शिकून घेतलं तर अनवाणी वेळेत तोच बुटाचं काम थोडंफार करतो.

घरात आणि पाहुण्यांकडे पिशवीतून वेगळी चप्पल न्या, जी कधीच बाहेर वापरलेली नाही. पहिल्यांदा आत्याच्या उंबऱ्यात ती काढली तेव्हा आत्या म्हणाल्या, "काय गं, घरात चपला घालून हिंडणार व्हय?" मी ती उलटी करून कोरा सोल दाखवला, डॉक्टरांनी सांगितलंय म्हटलं. स्वयंपाकघरात नको, बाकी घाल, असा तह झाला. स्वयंपाकघरासाठी मग ओट्यापुढं दुमडलेली सतरंजी टाकून घेतली.

पावसाळी स्लीपर आणि कोल्हापुरी

बेळगावचा पाऊस जूनला सुरू झाला की चांगले बूट माळ्यावर जातात आणि अख्खं गाव पातळ रबरी स्लीपरवर येतं. ती सपाट असते, पिळली तर पूर्ण वळते, मागं पट्टा नाही आणि ओल्या फरशीवर बोटं आवळूनच चालावं लागतं. मामांच्या परीक्षेत चारही विषयांत नापास. पावसासाठी मागं पट्टा असलेली, टणक सोलची, पाण्यानं न बिघडणारी सँडल घ्या. बूटच घालायचे तर दोन जोड आलटून पालटून वापरा, इन्सोल बाहेर काढून वेगळे वाळवा आणि आत कालचा पेपर कोंबून ठेवा.

कोल्हापुरीचा विषय नाजूक आहे. अथणी, निपाणीत ती बनते, २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर आपला बेळगाव जिल्हाही आहे, आणि आजोबांनी जन्मभर तीच घातली हे घरोघरी ऐकायला मिळतं. चामडं टणक असतं, पीळ पडत नाही, इथपर्यंत ती पास. पण कमानीला उठाव नाही, टाचेखाली गादी नाही, मागं पट्टा नाही. आजोबा मातीवरून चालत होते, आपण काँक्रीट आणि फरशीवरून चालतो. टाच दुखत असेपर्यंत ती समारंभापुरती, तासा-दोन तासांसाठी ठेवा.

इलाजातल्या घाईच्या चुका

एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसलं की लोक हादरतात. असं वाढलेलं हाड टाच न दुखणाऱ्या कितीतरी जणांत सापडतं, त्यामुळे ते कापल्याशिवाय सुटका नाही असं समजू नका. बहुतेकांचं दुखणं ऑपरेशनशिवाय बरं होतं, फक्त सहा महिने ते वर्ष लागू शकतं.

प्रवासाच्या आधी वेदनाशामक गोळी घेऊन यळ्ळूरचा राजहंसगड चढायला जाऊ नका. गोळीनं कळ कळत नाही, ताण मात्र पडतच राहतो. स्टेरॉइडचं इंजेक्शन थोडे दिवस आराम देतं, पण त्यानं पट्टा फाटण्याचा किंवा टाचेखालची चरबी झिजण्याचा धोका असतो. म्हणून "उद्या यात्रा आहे, आज टोचा" असं डॉक्टरांना गळ घालून घेऊ नये. मुक्कामी पोचल्यावर स्टँडवरची गार पाण्याची बाटली कापडात गुंडाळून तळव्याखाली दहा मिनिटं फिरवा, स्वस्त आणि बरं वाटणारं. मधुमेह असेल, तळव्याला स्पर्श नीट कळत नसेल, तर गार बाटली नको, गरम पाण्याची बादली नको आणि देवळातसुद्धा अनवाणी चालण्याआधी डॉक्टरांना विचारा.

टाच बधिर होणं किंवा जळजळणं, रात्री पडल्या पडल्या दुखणं, सूज किंवा ताप, उंचावरून पडल्यावर सुरू झालेलं दुखणं, टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ येणं, किंवा तरुण वयात दोन्ही टाचांबरोबर सकाळी कंबरही ताठणं, यांपैकी काही असेल तर फक्त चप्पल बदलून भागणार नाही, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. दीड-दोन महिने व्यायाम आणि नीट पादत्राणं वापरूनही फरक पडला नाही तरीही दाखवा. आणि जाताना रोजची जुनी चप्पल न पुसता पिशवीत टाकून न्या. सोल कुठल्या बाजूनं झिजलाय हे पाहून तुम्ही पाऊल कसं टाकता याचा त्यांना अंदाज येतो.