फोर बाय फोरला टायर घेताना या चुका टाळा

मे संपत आला की फोन सुरू होतात. "दादा, पाऊस तोंडावर आलाय, गाडीला एमटी टायर टाकतोय. कुठला ब्रँड घेऊ?" मी एवढंच विचारतो, की महिन्यातून किती दिवस गाडी डांबरावरून खाली उतरते. पलीकडचा जरा थांबतो. मग सांगतो, "रोज ऑफिसला नेतो. दिवाळीत गावाला. आणि यंदा दोन-तीन ट्रेल करायचेत." या माणसाला एमटीची, म्हणजे चिखलाच्या टायरची, गरज नाही. पण टायर त्याने मनात कधीच घेऊन टाकलेला असतो, कारण कुणाच्या तरी गाडीला तो लावलेला पाहिलाय.

पुणे, मुळशी, भोर, वेल्हे आणि घाट उतरून खाली कोकण, एवढ्या टापूत माझी गाडी बारा महिने फिरते. या टापूत टायरांपायी लोकांचे पैसे वाया गेलेले मी पाहिलेत, आणि दोनदा जीव जाता जाता वाचलेला पाहिलाय. तेच तेच पुन्हा होताना बघून आता राहवत नाही, म्हणून सगळं एकदा लिहून ठेवतो.

दणकट दिसतो म्हणून एमटी घेणं

आधी नावं समजून घ्या. एचटी म्हणजे डांबरी रस्त्याचा टायर. जिम्नीला कारखान्यातून हाच येतो. एटी म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीकडे चालणारा. एमटी म्हणजे चिखलाचा. एमटीचे ठोकळे मोठे आणि मधले चर रुंद असतात, त्यामुळे चाक फिरताना चरांतला चिखल बाहेर फेकला जातो आणि पुढच्या फेरीला ठोकळ्याची कड पुन्हा मातीत रुतते. पण हाच टायर ओल्या डांबरावर आला की रुंद चरांमुळे रस्त्याला टेकणारं रबर कमी पडतं. चांगल्या एटीच्या ठोकळ्यांवर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक चिरा असतात. त्या टायरखालचं पाणी शोषून बाजूला काढतात आणि त्यांच्या कडा रस्ता पकडतात. बऱ्याच एमटींवर अशा चिरा मोजक्याच असतात.

तीन वर्षांपूर्वी जुलैतल्या एका सकाळी आम्ही दोन गाड्यांतून ताम्हिणीमार्गे माणगावला निघालो होतो. धाकटा चुलतभाऊ पुढे, मी मागे. त्याच्या थारला एमटी बसवून आठवडाही झाला नव्हता. पाऊस रिपरिप, वेग पन्नासच्या आत. एका डाव्या वळणावर डोंगरातून आलेलं लाल पाणी रस्ता ओलांडून वाहत होतं. त्याने ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडीची मागची बाजू उजवीकडे सरकू लागली. झटका नाही, आवाज नाही, सावकाश सरकत गेली. मला मागून त्याचे हात स्टिअरिंगवर उलटसुलट फिरताना दिसत होते आणि गाडी मात्र आपल्याच मनाने चालली होती. समोरून एसटी आली असती तर पुढचं लिहायला नको. मागचं चाक कठड्याला जाऊन टेकलं आणि गाडी आडवी थांबली. कठड्यापलीकडे दरी होती.

खाली उतरल्यावर तो पहिलं वाक्य बोलला, "दादा, मी हळूच होतो ना?" खरंच हळू होता. मी गेज लावून हवा पाहिली. चारही चाकांत दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरपेक्षा दहा पीएसआयने (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) जास्त. टायर बसवणाऱ्याने भरून दिली आणि याने पुन्हा तपासली नाही. मोजक्या चिरांचा एमटी, त्यात फुगवून टणक केलेला, त्यात जुलैचं डांबर. महिन्याभरात त्याने ते टायर विकले आणि एटी घातले. आज त्याच घाटातून तो पावसाळ्यात निर्धास्त जातो.

एमटी कुणी घ्यावा? ज्याच्या घरापर्यंत किंवा बागेपर्यंत जांभ्याचा कच्चा रस्ता आहे आणि चार महिने त्या लाल चिखलातून रोजची ये-जा आहे, त्याने जरूर घ्यावा. जो चिखलातल्या ऑफ-रोड स्पर्धांत उतरतो त्यानेही. जमत असेल तर जुन्या रिमवर एमटीचा वेगळा संच ठेवावा आणि एरवी एटीवर फिरावं. बाकी सगळ्यांना एटी पुरतो. टायर वर्षातून दोनदा जिथे जायचं त्या जागेसाठी घेऊ नये, रोज जिथून जावं लागतं त्या रस्त्यासाठी घ्यावा.

काळ्या मातीत मात्र एमटीचाही भरवसा धरू नका. सोलापूर, लातूर, परभणीकडची भिजलेली काळी रान-माती चरांत अशी गच्च बसते की दोन फेऱ्यांत कुठलाही टायर गोटा झाल्यासारखा गुळगुळीत होतो. तिथे टायरापेक्षा शेतकऱ्याला विचारणं उपयोगाचं. वाफसा आलाय का, पाणंदीतून ट्रॅक्टर गेलाय का, हे तो एका वाक्यात सांगतो. नाही म्हणाला तर गाडी डांबरावर ठेवा आणि चालत जा.

हवेकडे दुर्लक्ष

माझं ठाम मत आहे की कच्च्या रस्त्यावर निम्मा टायर म्हणजे हवा. पन्नास-साठ हजारांचे टायर घेणारी माणसं हजार रुपयांचं गेज घेत नाहीत, पंपावरच्या आकड्यावर विसंबतात. गेज स्वतःचं ठेवा. हवा सकाळी, गाडी बाहेर काढण्याआधी, टायर गार असताना बघा. गाडी तासभर पळाली की हवा तापून तीन-चार पीएसआय चढणारच. ती तशीच राहू द्या. गरम टायरातली हवा सोडली की दुसऱ्या दिवशी गार टायर कमी हवेवर पळतो, कडांना झिजतो आणि हायवेवर तापतो.

कच्च्यावर हवा कमी केली की टायर लांबट पसरतो, दगडाला कवेत घेतो, त्यामुळे पकड वाढते आणि गाडीही कमी आदळते. माझी सवय सांगतो. डांबरावर स्टिकरवरचा आकडा. दगडगोट्यांच्या कच्च्या रस्त्यावर २४-२५. खोल चिखलात २०. सुट्या वाळूत १६. त्याखाली मी जात नाही, कारण बीडलॉक (टायरची कड रिमला आवळून धरणारं कडं) नसलेल्या रिमवरून वळताना टायर निसटू शकतो. हे आकडे थारच्या वजनाचे आहेत. जिम्नी बाराशे किलोच्या आसपास, तिला आणखी थोडी कमी चालते. फॉर्च्युनर दोन टनांच्या वर, तिला जपून. आणि हवा कमी असताना वेग तीस-पस्तीसच्या आतच ठेवायचा.

आता याची दुसरी बाजू. गेल्या फेब्रुवारीत वेल्ह्याच्या बाजूला आम्ही पाच गाड्या होतो. एक नवा मुलगा होता, त्याने कुठेतरी ऐकलं होतं की हवा जितकी कमी तितकी पकड जास्त. मी २४ सांगितली, त्याने १४ केली. वाट कारवीच्या रानातून जाणारी, मध्ये काळ्या कातळाचे धारदार दगड आणि दोन्ही बाजूंना कोयत्याने तिरके तासलेले कारवीचे खुंट. कमी हवेने टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, बाहेर फुगली होती. पहिल्याच चढावर एका दगडाच्या कडेने ती चार बोटं उभी फाडली. फट इतकी स्वच्छ होती की आतले धागे मोजता आले असते. साइडवॉल फाटली की तिथे स्ट्रिपही चालत नाही, पॅचही नाही, टायर गेला. सह्याद्रीत आपल्याला छळतात ते खुंट आणि दगडाच्या कडा. म्हणून टायर घेताना ट्रेडची नक्षी बघण्याआधी साइडवॉल किती थरांची आहे ते विचारा. तीन थरांची मिळत असेल तर ती घ्या.

त्याचं दुर्दैव तिथे संपलं नाही. चारही चाकांना मोठे टायर, आणि स्टेपनी मात्र कारखान्यातून आलेली, लहान. पुढच्या दोन चुका त्यातूनच आल्या.

मोठा आकार बसतो म्हणून बसवणं

२०२० नंतरच्या थारच्या १६ इंची रिमवर २४५/७५ आर१६ हा आकार येतो (रुंदी २४५ मिमी, साइडवॉलची उंची तिच्या ७५ टक्के, रिम १६ इंची). त्याचा व्यास सुमारे ७७४ मिमी. त्या जागी लोक २८५/७० आर१७ घालतात, व्यास ८३१ मिमी. फरक ५७ मिमीचा, पण एक्सल वर उचलला जातो त्याच्या निम्माच, जेमतेम २८ मिमी. तेवढ्यासाठी गिअरिंग सव्वासात टक्क्यांनी लांबतं, चढावर इंजिन दम खातं, ब्रेकवर भार वाढतो आणि मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८६ ने पळत असते. पूर्ण स्टिअरिंग वळवून खड्ड्यात उतरलात की टायर आत घासतो. थार आणि जिम्नीची स्टेपनी मागच्या दारावर असते, जड टायर टांगला की कालांतराने दाराच्या बिजागऱ्या कुरकुरतात. यात सस्पेन्शन उचलण्याचा खर्च धरलेलाच नाही.

मोठी रिमही घेऊ नका. त्याच थारच्या वरच्या मॉडेलला २५५/६५ आर१८ येतो. त्याची साइडवॉल १६६ मिमी, १६ इंचीची १८४. दगडावर आदळताना तो अठरा मिमीचा जास्तीचा रबर रिम वाचवतो. कच्च्यावर जाणार असाल तर १६ इंचीच बरी.

दोन नवे, दोन जुने, आणि स्टेपनी तिसरीच

थार, जिम्नी, गुरखा, जुनी जिप्सी या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर, नाही. फोर बाय फोर लावलं की दोन्ही एक्सल एकाच वेगाने फिरायला बांधले जातात. आता पुढे नवे टायर आहेत आणि मागचे सहा मिमी झिजलेले आहेत असं धरा. २४५/७५ आर१६ ला हा फरक दर किलोमीटरमागे साडेसहा फेऱ्यांचा पडतो. मातीवर चाक थोडं घसरून तो फरक मोकळा करतं. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, मग सगळा ताण ट्रान्स्फर केस (दोन्ही एक्सलना ताकद वाटणारी गिअरची पेटी) आणि शाफ्टमध्ये साठत जातो. लिव्हर टू व्हीलवर येत नाही, गाडी धरून ठेवल्यासारखी चालते. चारही टायर एकसारखे असले तरी कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावायचं नाहीच, आणि वेगळे असतील तर सरळ रस्त्यावरही लावायचं नाही.

वेल्ह्याला त्या मुलाने लहान स्टेपनी घाईघाईत मागे लावली. मी ती काढायला लावली. पुढचा एक चांगला टायर मागे, लहान स्टेपनी पुढे. टू व्हील ड्राइव्हमध्ये पुढचा एक्सल मोकळा फिरतो, त्यामुळे डांबरावरून घरी जाताना काही बिघडत नाही. चाकांच्या या अदलाबदलीत पाऊण तास गेला आणि तो सारखा म्हणत होता, "एवढ्याने काय होतंय!" अशी घाई मला मान्य नाही. मागच्या एक्सलचं डिफरन्शियल उघडायची वेळ आली की पाऊण तास फार स्वस्त वाटतो.

म्हणून टायर पाच घ्या, एकाच आकाराचे, एकाच नक्षीचे. दर आठ हजार किलोमीटरला पाचही फिरवा, स्टेपनीसकट. पाचवा नवाच पडून राहिला तर तीन वर्षांनी तो उरलेल्या चारांशी जुळत नाही.

आणखी काही, थोडक्यात

साइडवॉलवरचा भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो, ११६ म्हणजे १२५०. छतावर तंबू आणि मागे पाण्याचे कॅन घेऊन लडाखला निघणाऱ्यांनी हा हिशेब घरी करून निघावं.

त्या आकड्यापुढचं अक्षर कमाल वेगाचं. 'क्यू' म्हणजे ताशी १६० किमी, 'एस' म्हणजे १८०. एमटीला बहुधा क्यू असतं, तेवढं पुरतं.

'एलटी' (लाइट ट्रक) लिहिलेला टायर कणखर असतो, पण तेवढाच भार उचलायला त्याला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. जिम्नीसारख्या हलक्या गाडीला तो नाहक कडक पडतो.

साइडवॉलवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. २३२४ म्हणजे २०२४ सालातल्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. वर्षाहून जुना माल मी परत करतो. आणि सहा वर्षं झाली की नक्षी शिल्लक असली तरी टायर बदलतो, कारण रबर कडक झालेलं असतं. नियमाने नक्षी किमान १.६ मिमी हवी, पण पावसाळ्याच्या तोंडावर चार मिमीच्या खाली आलेल्या टायरने मी घाट उतरत नाही.

नायट्रोजनला पैसे घालू नका. साध्या हवेत तो ७८ टक्के आहेच.

समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालू नका, टायर कुठलाही असो. गोव्यात तर कायद्यानेच बंदी आहे. भरतीचं पाणी चेसिसला लागलं की दोन वर्षांत गंज दिसतो, आणि किनाऱ्यावरच्या कासवांच्या घरट्यांचं होणारं नुकसान कशानेच भरून निघत नाही.

कॉम्प्रेसर बॅटरीला चिमट्यांनी थेट जोडणारा घ्या. लायटरच्या सॉकेटवरचा एका टायरला दहा-दहा मिनिटं खातो, मग लोक कंटाळून २० हवेवरच हायवेला लागतात.

नवे टायर बसवले की शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) तपासा. मी दुकानातून निघताना प्रत्येक नटावर रंगीत पेनाने नटापासून रिमपर्यंत एक रेघ ओढून घेतो. पहिल्या चहाच्या थांब्यावर चारही चाकांभोवती फिरून रेघा बघतो. रेघ तुटलेली दिसली की पाना काढतो.