युनिव्हर्सिटीचा फॉर्म नेमका कधी सबमिट करायचा? तारीख ठरवायची कशी

परदेशातल्या युनिव्हर्सिटीचा फॉर्म भरायला घेतला की दोन सल्ले लगेच मिळतात. एक जण म्हणतो लवकरात लवकर टाकून मोकळा हो, दुसरा म्हणतो अजिबात घाई करू नकोस, आधी एसओपी (हाच कोर्स का करायचाय ते सांगणारा निबंध) नीट होऊ दे. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि म्हणूनच गोंधळ होतो. लवकर टाकल्याचा फायदा काही ठिकाणी खूप असतो, काही ठिकाणी काहीच नसतो, आणि ते ठरतं त्या युनिव्हर्सिटीत फॉर्म कसे वाचतात यावर. त्यामुळे आधी ते शोधायचं, तारीख मग ठरवायची.

पायरी १: फॉर्म कुठल्या पद्धतीने वाचतात ते बघा

शेवटची तारीख सगळेच बघतात, पण त्या तारखेच्या आधी आत काय चाललेलं असतं ते फार कमी जण बघतात. ॲडमिशनचं पान नीट वाचलं की बहुतेक वेळा खालच्यापैकी एक पद्धत निघते.

रोलिंग म्हणजे फॉर्म आला, वाचला, निर्णय दिला, आणि जागा संपल्या की बंद. अमेरिकेतल्या बऱ्याच स्टेट युनिव्हर्सिट्या आणि ठिकठिकाणचे मास्टर्सचे कोर्स असे चालतात. इथे सुरुवातीच्या महिन्यात टाकलेला फॉर्म आणि अगदी शेवटी टाकलेला फॉर्म यात खरंच फरक पडतो, कारण शेवटी येणाऱ्याच्या वाट्याला उरलेल्या जागा येतात, मार्क कितीही चांगले असोत. कागदावर डेडलाइन एप्रिलची दिसते आणि कोर्स फेब्रुवारीतच भरलेला असतो असंही होतं.

दुसरी पद्धत बरोबर उलटी. ब्रिटनमध्ये बॅचलर्सचे फॉर्म यूकास या एकाच सामाईक संस्थेमधून जातात, तिथे जानेवारीत एक तारीख असते (२०२६ च्या प्रवेशासाठी ती १४ जानेवारी होती) आणि त्याआधी आलेले सगळे फॉर्म सारख्याच नजरेने बघायचे असा नियम आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिसिन, डेंटिस्ट्री, व्हेटरनरीच्या बहुतेक कोर्सेससाठी मात्र १५ ऑक्टोबर, हे विसरून चालणार नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचंही असंच, १ ऑक्टोबरपासून सबमिट करता येतं आणि साधारण नोव्हेंबरअखेरीस बंद होतं, पहिल्याच दिवशी टाकला म्हणून कुणी पुढे जात नाही. नेदरलँड्समध्ये मर्यादित जागांच्या कोर्सना १५ जानेवारी असते आणि क्रमवारी त्यानंतर लागते. अशा ठिकाणी शेजारच्याने महिनाभर आधी टाकला म्हणून तुम्ही अर्धवट फॉर्म पाठवू नका, प्लीज.

तिसरी पद्धत राऊंडची, एमबीएला नेहमी दिसते. पहिला राऊंड साधारण सप्टेंबरात, दुसरा जानेवारीच्या सुरुवातीला, तिसरा वसंतात. पहिल्या दोघांत चिक्कार जागा असतात, तिसऱ्यात फारच कमी उरतात. माझं मत विचाराल तर जीमॅट या प्रवेश परीक्षेचा कमजोर स्कोअर घेऊन पहिल्यात घुसण्यापेक्षा चांगला स्कोअर घेऊन दुसऱ्यात जाणं कधीही बरं, पण तिसऱ्यावर भिस्त ठेवू नका.

आणि हे सगळं बघताना स्कॉलरशिपची तारीख वेगळी शोधा. ती बऱ्याचदा ॲडमिशनच्या पानावर नसतेच, फंडिंगच्या पानावर असते, आणि ॲडमिशनच्या तारखेच्या आधी असू शकते. पैशांची मदत लागणार असेल तर तुमची खरी डेडलाइन ती, दुसरी नाही.

पायरी २: अर्ली टाकणार असाल तर सहीचा अर्थ समजून घ्या

अमेरिकेत बॅचलर्ससाठी अर्ली डिसिजन नावाचा प्रकार आहे, तारीख बहुतेक ठिकाणी १ किंवा १५ नोव्हेंबर, निकाल डिसेंबरच्या मध्याच्या आसपास. हा करार असतो. तुम्ही, पालक आणि शाळेचे काउन्सेलर तिघांच्या सह्या होतात, ॲडमिशन मिळाली की बाकी सगळे फॉर्म मागे घ्यायचे आणि तिथेच जायचं. आर्थिक मदत पुरेशी मिळाली नाही तरच सहसा यातून बाहेर पडता येतं.

अर्लीमध्ये निवडीचं प्रमाण जास्त दिसतं म्हणून खूप मुलं उडी मारतात, पण त्या आकड्यात खेळाडू म्हणून आधीच हेरलेली मुलं आणि माजी विद्यार्थ्यांची मुलंही असतात, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा स्वतःला लावू नका. पहिली पसंती मनापासून एकच आहे, कॉलेजच्या साइटवरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये (मदत वजा जाता किती खर्च येईल याचा अंदाज देणारं पान) आकडे टाकून घरी बसून बोलणं झालंय, आणि आत्ताचे ग्रेड आहेत तसे दाखवायला हरकत नाही, या तिन्ही गोष्टी असतील तरच अर्ली डिसिजन. दोन-तीन कॉलेजांच्या मदतीचे आकडे समोरासमोर ठेवून बघायचे असतील तर रेग्युलर, म्हणजे नंतरच्या नेहमीच्या मुदतीतच टाका, तिथे उत्तर द्यायला साधारण १ मेपर्यंत वेळ मिळतो.

अर्ली ॲक्शन नावाचा दुसरा प्रकार आहे, त्यात असं बंधन नसतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्डची १ नोव्हेंबरची पद्धत मधली आहे, ॲडमिशन मिळाली तर जायलाच हवं असं नाही, पण त्या वेळी दुसऱ्या खासगी कॉलेजला अर्ली टाकता येत नाही, थोडे अपवाद सोडले तर.

पायरी ३: दुसऱ्यांच्या हातातली कामं आधी मोजा

सगळ्यात जास्त फॉर्म इथे अडकतात. एसओपी तुमच्या हातात असतो, रात्री जागून लिहिता येतो, पण रिकमेंडेशन (शिक्षकांचं शिफारसपत्र), ट्रान्सक्रिप्ट (कॉलेजकडून येणारी गुणपत्रिका) आणि परीक्षांचे स्कोअर दुसऱ्यांकडून यायचे असतात आणि त्यांना तुमची घाई माहीत नसते.

रिकमेंडेशनसाठी किमान एक महिना आधी विचारा. "सर, उद्या रात्री बाराला डेडलाइन आहे, प्लीज लिंक आलीय बघा ना" असा मेसेज गेला की मेहनती आणि हुशार विद्यार्थी आहे अशा चार ओळी येतात, ज्या कुणालाही लागू पडतात. त्याऐवजी महिनाभर आधी विचारून सोबत अर्धं पान द्या: त्यांच्याकडे कुठला प्रोजेक्ट केला, त्यात काय अडलं होतं, ते कसं सोडवलं, आता कुठल्या कोर्सला अर्ज करतोय. मग त्या पत्रात तुम्ही दिसता. आणि त्यांना खऱ्या डेडलाइनच्या आठवडाभर आधीची तारीख सांगा.

शाळेमार्फत यूकास भरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, तुम्ही बटण दाबलं की फॉर्म यूकासकडे जात नाही, आधी शाळेकडे जातो, तिथे रेफरन्स जोडला जातो आणि मग पुढे. म्हणून शाळा स्वतःची तारीख बरीच आधीची ठेवतात. तुमच्यासाठी तीच तारीख खरी.

परीक्षांचं गणित मागून करायचं. समजा डेडलाइन १५ डिसेंबर आहे. जीआरई या मास्टर्सच्या प्रवेश परीक्षेचा स्कोअर यायला आठ-दहा दिवस लागतात आणि दोन प्रयत्नांत २१ दिवसांचं अंतर लागतं. २५ ऑक्टोबरला पहिला प्रयत्न दिला तर १५ नोव्हेंबरला दुसरा देता येतो आणि २५ नोव्हेंबरच्या आसपास स्कोअर हातात, वरती थोडी सवड उरते. पहिला प्रयत्नच नोव्हेंबरअखेर ठेवला तर दुसरा विसरा. आयईएल्ट्स आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे स्कोअर साधारण दोन वर्षं चालतात, जीआरईचा पाच वर्षं, म्हणजे हे आधीच उरकून ठेवायला काहीच हरकत नाही.

जर्मनीत विंटर सेमिस्टरची नेहमीची तारीख १५ जुलै, पण कागदपत्रं युनि-असिस्टमधून (युनिव्हर्सिट्यांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था) जाणार असतील तर आठ आठवडे आधी पाठवा असं ते स्वतःच सांगतात, म्हणजे मेचा मध्य. एखादा कागद कमी निघाला तर तो पाठवायला वेळ उरतो.

पायरी ४: आता स्वतःची तारीख लिहा

वरच्या सगळ्यात जी गोष्ट सगळ्यात उशिरा येणार आहे ती शोधा आणि तिच्यापुढे तारीख ठरवा. रोलिंग असेल तर सगळं हातात आलं की त्याच आठवड्यात पाठवायचं. सगळे फॉर्म एकत्र बघणारी युनिव्हर्सिटी असेल तर डेडलाइनच्या सात-दहा दिवस आधी. तारीख कॅलेंडरमध्ये टाका आणि घरच्यांना सांगा, मनात ठेवलेली तारीख हमखास सरकते.

पायरी ५: थांबू की पाठवू, हा प्रश्न पडला तर

स्वतःला एवढंच विचारा: थांबलो तर फॉर्ममधली नेमकी कुठली ओळ बदलणार आहे? जीआरईचा नवा स्कोअर येणार आहे, या सेमिस्टरचा निकाल लागणार आहे, पेपर स्वीकारला गेल्याचं कळणार आहे, असं बोट ठेवून सांगता येत असेल तर थांबा, रोलिंग असलं तरी दोन-तीन आठवडे थांबणं परवडतं. "एसओपी अजून जरा छान होईल" एवढंच उत्तर असेल तर स्वतःला चार दिवस द्या आणि पाठवा. काल बदललेला शब्द आज परत पहिल्यासारखा करताय, असं व्हायला लागलं की तो एसओपी झालाय.

भीतीपोटी थांबणंही असतं, आणि ते मी खूप मुलांमध्ये बघते. फॉर्म तयार असतो पण पाठवला की नकार येऊ शकतो म्हणून हात पुढे होत नाही. तेव्हा फॉर्म आणखी वाचू नका, जवळच्या माणसाला शेजारी बसवा आणि पाठवा.

पायरी ६: यंदा की पुढच्या वर्षी?

विषयच नक्की नाही, लागणारा पेपर किंवा सब्जेक्ट झालेला नाही, पैशांची सोय अजिबात नाही, तर एक वर्ष थांबण्यात काही वाईट नाही. फक्त त्या वर्षात काय करणार हे लिहून काढा, कारण पुढच्या फॉर्ममध्ये ते विचारलं जाऊ शकतं. नुसता टॉप कॉलेजचा आकडा गाठायचा म्हणून वर्ष सोडायच्या मी विरुद्ध आहे.

पायरी ७: सबमिटचा दिवस

दुपारी करा, झोप झालेली असताना. पीडीएफ प्रिव्ह्यू काढून मोठ्याने वाचा, विशेषतः युनिव्हर्सिटीचं नाव, एका एसओपीवरून दुसरा बनवताना जुनं नाव राहून जातं आणि ते स्क्रीनवर दिसत नाही. पासपोर्टवरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना ते बघा.

वेळ कुठल्या देशाची ते वाचा. यूकासची डेडलाइन ब्रिटनच्या संध्याकाळी ६ ला संपते, आणि तिथली घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात, त्यामुळे ऑक्टोबरची आणि जानेवारीची डेडलाइन तुमच्या घड्याळात एकाच वेळी येत नाही. कॉमन ॲपवर (अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांचा सामाईक फॉर्म) तुमच्या स्थानिक वेळेने रात्रीचे ११:५९ धरतात. शेवटच्या संध्याकाळी पोर्टल रडतं, कार्ड पेमेंट अडकतं, बँकेचा ओटीपी येत नाही, हे सगळं आठवडाभर आधी झालं तर नुसता वैताग होतो, त्या रात्री झालं तर वर्ष जातं.

पेमेंट झालं की कन्फर्मेशनचा मेल सेव्ह करा, नाही आला तर स्पॅम बघा. काही दिवसांत बऱ्याच युनिव्हर्सिट्या पोर्टलचं लॉगिन पाठवतात, तिथे कुठली कागदपत्रं मिळाली आणि कुठली नाहीत याची यादी असते. ती दर आठवड्याला उघडा, आणि एखादं रिकमेंडेशन अजून आलेलं नाही असं दिसलं तर त्याच दिवशी सरांना नम्रपणे आठवण करा.