टर्की आणि कोंबड्या एकत्र पाळू नका, आधी हे वाचा

आमच्या खानापूर भागात टर्की आणायची म्हटलं की लोक नाताळाच्या हिशोबानं जून-जुलैला पिल्लं आणतात, म्हणजे ऐन धो धो पावसात, आणि सोडतात कुठं तर कोंबड्यांच्या खुराड्यात. मी पण पहिल्या वर्षी तेच केलं. तीन महिने छान वाढलेली टर्की एकेक करून मान टाकायला लागली, कोंबड्यांना मात्र काहीच झालं नाही.

तो ब्लॅकहेड रोग. नाव तसं असलं तरी डोकं काळं पडेलच असं नाही, तुम्ही विष्ठा बघा, गंधकासारखी पिवळीजर्द पातळ हगवण दिसली की समजायचं. पक्षी पंख पाडून एका जागी उभा राहतो, खाणं सोडतो. मेलेला उघडला तर काळजावर, म्हणजे यकृतावर, गोल गोल डाग दिसतात. याचे जंतू कोंबडीच्या पोटातल्या बारीक जंतांच्या अंड्यातनं पसरतात, कोंबडी धडधाकट दिसते पण तिच्या विष्ठेतनं ती अंडी मातीत पडतात आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतात, गांडूळ खाल्लं तरी लागण होते. याच्यावर लस नाही. म्हणून जिथं आधी कोंबड्या होत्या ती जागा टर्कीला नको, वेगळं शेड, वेगळी भांडी, शेडात जायची चप्पलसुद्धा वेगळी ठेवा. जंताचं औषध वेळेवर, डॉक्टरांना विचारून.

आता पिल्लांचं. टर्कीचं पिल्लू खाणं-पिणं लवकर शिकत नाही, समोर दाणे असून उपाशी मरतं बघा, याचं मला फार वाईट वाटतं. पहिल्या दिवशी एकेकाची चोच हलकेच पाण्यात बुडवा, भांड्यात रंगीत गोट्या टाका म्हणजे ती टोचायला जातात. पहिले पंधरा दिवस दहा पिल्लांना एक उकडलेलं अंडं कुस्करून द्या, वर कोथिंबीर किंवा मेथी बारीक चिरून. बल्बखाली पहिल्या आठवड्यात ३५ डिग्री ऊब पाहिजे, मग दर आठवड्याला तीनेक डिग्री कमी. कोपऱ्यात ढीग करून एकमेकांखाली चेंगरतात म्हणून पुठ्ठ्याचं गोल कडं करा. खाली भाताचं तूस २-३ इंच, ओलं झालं की त्याच दिवशी काढायचं, आमच्याकडच्या पावसात ओलं तूस म्हणजे कॉक्सी (कॉक्सिडिओसिस हा आतड्याचा रोग) आलीच, रक्ताची हगवण लागते.

खाद्याबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. ब्रॉयलरच्या पोत्यात कॉक्सीसाठी सॅलिनोमायसिन घातलेलं असतं कधीकधी, ते कोंबडीला चालतं पण टर्कीला विष आहे, पाय लुळे पडतात आणि पक्षी मरतो. पोत्यावरचं लेबल वाचा, कळत नसेल तर दुकानदाराला विचारूनच घ्या. पहिला महिना प्रोटीन २८ टक्क्यांच्या आसपास लागतं, नुसत्या मक्यावर भागत नाही.

लसी म्हणजे मानमोडीची (राणीखेत रोगाची) पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा सहाव्याला, देवीची चौथ्या-पाचव्या आठवड्यात. देवी डासातनं पण पसरते, शेडाभोवती पाणी साचू देऊ नका.

आणि एखादा मेलाच तर रानात फेकू नका, कुत्री ओढत सगळीकडं नेतात. ताजा असतानाच बर्फात घालून सरकारी पशू दवाखान्यात पोस्टमॉर्टेमला न्या, कारण कळलं तर मागचे वाचतात, नाहीतर चुना टाकून खोल पुरा.