पीएलए आणि बगॅस: काम सुरू करण्याआधी एवढं वाचा

बायोप्लास्टिकवर प्रोजेक्ट करायचाय म्हणून विचारायला येणारी बहुतेक मुलं पीएलए (पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिड, वनस्पतींच्या साखरेपासून बनणारं प्लास्टिक) आणि एखादा शेतातला कचरा निवडून येतात. आपल्याकडे तो कचरा म्हणजे हमखास बगॅस, उसाचा रस काढल्यावर उरलेला चोथा. निवड वाईट नाही. पीएलए, पीएचए (जिवाणूंनी बनवलेलं प्लास्टिक) आणि बायो-पीई (वनस्पतींपासून बनवलेलं पॉलिइथिलीन) यांतला फरक तुम्हाला माहीत आहे असं धरून पुढचं सांगते.

माझे पीएलएमध्ये बगॅस घालून कंपाउंड केलेले, म्हणजे वितळवून मिसळलेले नमुने बोटांनी वाकवले की बिस्किटासारखे तुटायचे. लॅबमध्ये सगळ्यांचं निदान एकच: फायबर आणि पॉलिमर नीट चिकटत नाहीत. मग ते चिकटावेत म्हणून अल्कली ट्रीटमेंट झाली, सायलेन झालं, मॅलेइक अनहायड्राइड झालं. दर वेळी उन्नीस-बीस फरक पडायचा आणि तेवढ्यावर आशा टिकायची. खरा चोर होता पाणी.

हे जरा सावकाश सांगते, कारण पेपरांत ते 'नमुने वाळवून घेतले' एवढ्या तीन शब्दांत उरकतात. पीएलएची साखळी एस्टर बंधांची. एक्सट्रूडरमध्ये (प्लास्टिक वितळवून मिसळणारं मशीन) 180-200 अंशांना पाण्याचा एक रेणू एक बंध तोडतो. आता हिशेब करा. सरासरी रेणुभार एक लाख असेल, तर एक किलो पीएलएमध्ये साखळ्या 0.01 मोल. त्यात 0.1 टक्का ओल, म्हणजे फक्त एक ग्रॅम पाणी, म्हणजे 0.055 मोल. सगळ्या पाण्याने काम केलं, तर रेणुभार पंधरा हजारांवर येतो. प्रत्यक्षात सगळं पाणी बंध तोडत नाही, काही व्हेंटमधून उडून जातं. पण नमुन्याची पट्टी मोडायला तेवढं लागतही नाही. म्हणून तर पीएलए 250 पीपीएमच्या (0.025 टक्के ओल) खाली वाळवायला सांगतात. आणि उघड्यावर ठेवलेल्या बगॅसमध्ये सहज आठ-दहा टक्के ओल असते! वीस टक्के बगॅस घातलंत आणि त्यात एकच टक्का ओल राहिली, तरी मिश्रणात 0.2 टक्के पाणी गेलं. अल्कलीनंतर नीट न धुतलेला सोडा तर साखळ्या तोडायला मदतच करतो.

साध्या हॉट एअर ओव्हनवर पावसाळ्यात विसंबू नका. तो बाहेरचीच दमट हवा गरम करून आत फिरवतो. डिह्युमिडिफायिंग ड्रायर किंवा व्हॅक्यूम हवा. पीएलएचे स्फटिकी दाणे 80 अंशांना चालतात, पण अमॉर्फस (स्फटिक नसलेलं) रीग्राइंड, म्हणजे दळून परत वापरायचा माल, 60 च्या आसपास मऊ पडून त्याचा गोळा होतो, ते कमी तापमानाला जास्त वेळ ठेवा. बगॅस वेगळं वाळवा आणि लगेच वापरा. कंपाउंडिंगच्या आधी कार्ल फिशर (ओल मोजायची चाचणी), नंतर एमएफआय (वितळलेलं प्लास्टिक किती सहज वाहतं त्याचं माप). एमएफआय एकदम वाढला, तर साखळ्या तुटल्यात, चिकटण्या-न चिकटण्याचा विचार बाजूला ठेवा.

हे मला गाइडने नाही, एक्सट्रूडर चालवणाऱ्या ऑपरेटरकाकांनी सांगितलं. माझं ठाम मत आहे की मोठ्या नावाच्या गाइडपेक्षा मशीनवर उभा राहणारा माणूस शोधावा. आणि रिव्ह्यू पेपर वाचून विषय ठरवू नये. त्यात फसलेले प्रयोग नसतात.

शीर्षकात 'बायोडिग्रेडेबल' हा शब्द तर उगाच घालूच नका. आयएस 17088 या कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या भारतीय मानकाखाली 180 दिवसांत 90 टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हावा लागतो, तेही 58 अंशांच्या आसपासच्या कंपोस्टमध्ये. कचराकुंडीत किंवा समुद्रात पीएलए वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. व्हायव्हात हाच प्रश्न येतो.

घाबरू नका मात्र. अमेरिकेत ब्लेअरला 2002 पासून पीएलए मोठ्या प्रमाणावर बनतंय, आपल्या जेजुरीला प्राज कंपनीचा प्रात्यक्षिक प्रकल्प 2024 मध्ये सुरू झाला, उत्तर प्रदेशात बलरामपूर चिनी या साखर कंपनीने मोठा कारखाना हाती घेतलाय. दाणे तयार झाले की ते न मोडता साच्यातून काढणारी माणसं लागणारच.

लॅब निवडताना ड्रायर आहे का विचारा. नसला तर व्हॅक्यूम ओव्हनवरही निभावतं, फक्त तो दिवसभर कुणाच्या ताब्यात असतो तेवढं आधीच विचारून घ्या.