बुडालेल्या यू-बोटीचा माग कसा काढावा
यू-बोट म्हणजे जर्मन पाणबुडी. मी सुरुवात बोटीच्या युद्धडायरीपासून करते. रोजची जागा, हवामान, सोडलेले टॉर्पेडो, सगळं त्यात असतं. पण शेवटच्या फेरीची डायरी बोटीबरोबरच तळाशी जाते. मग बिनतारी संदेश आणि शत्रूच्या जहाजांचे अहवाल एकमेकांशी ताडून पाहायचे.

यू-४७ घ्या. १४ ऑक्टोबर १९३९ला तिचा कप्तान गुंटर प्रीनने स्कापा फ्लो या स्कॉटलंडमधल्या ब्रिटिश नौदल तळात शिरून 'रॉयल ओक' ही युद्धनौका बुडवली. मार्च १९४१मध्ये त्याचीच बोट बेपत्ता झाली. ती 'वुल्व्हरीन' या ब्रिटिश विनाशिकेने बुडवली, असं कित्येक वर्षं छापलं गेलं. नोंदी पुन्हा तपासल्यावर कळलं, तो हल्ला यू-ए या दुसऱ्याच बोटीवर होता आणि ती बंदरात परतली होती!

म्हणून 'बुडवली' वाचलं की विचारा: अवशेष सापडले? कुणी जिवंत बचावलं? दोन्ही नसेल, तर पेन्सिलीनेच लिहा. यू-४७वरच्या ४५ जणांपुढे मी अजून 'बेपत्ता' एवढंच लिहिते.